तो गळ, ती गळ

"अहो, हरसूलला हाच रस्ता जातो ना?"

पुलाच्या कठड्यावरून वाकून योगिनीनं खच्चून विचारलं. खाली, नदीतल्या काळ्या खडकावर एक तरुण पाठमोरा बसला होता. त्यानं मान वळवली नाही. नुसता डावा हात वर केला आणि बोटानं खूण केली... गप्प!

आता योगिनीला गप्प बसवायचं म्हणजे काय चेष्टा आहे? नाशिकच्या रेडिओवर रोज सकाळी साडेआठला जिच्या आवाजाबरोबर लोक चहा पितात, ती ही मुलगी. द्वारका चौकाजवळ वडिलांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, घरात आत्या-काकू धरून सात बायका. आपलं म्हणणं कुणाच्या कानावर पडावं तर मोठ्यानंच बोलावं लागतं, हे ती पाळण्यातच शिकलेली. तिनं स्कूटी कडेला लावली, ओढणी कमरेला खोचली आणि तरातरा खाली उतरली. भाद्रपदातली भुरभुर चालू होती. खडकांवर शेवाळ होतं, पण रागाच्या भरात ती कुठे घसरलीही नाही.

"बहिरे आहात का हो तुम्ही?"

पाण्यावर तरंगणारा, दोऱ्याला बांधलेला मोरपिसाचा देठ एकदा थरथरला आणि स्तब्ध झाला. तरुणानं काठी वर घेतली. दोऱ्याच्या टोकाला गळ, गळाला अर्धवट खाल्लेलं गांडूळ.

"गेली," तो म्हणाला.

"कोण गेली?"

"मरळ. अर्धा तास विचार करत होती. तुमचा आवाज ऐकला आणि बेत बदलला तिनं."

तो वळला. चेहरा गंभीर, पण डोळे मात्र हसत होते. योगिनीनं उतरता उतरता तीन झणझणीत वाक्यं तयार ठेवली होती. त्यातलं एकही तिला आठवेना.

"रस्ता हाच," तो म्हणाला. "पण बाजार मोडला असंल आता. आणि... एक मिनिट. तुम्ही रेडिओवाल्या योगिनी ना? 'मुळापासून'वाल्या?"

"ओळखलंत?" ती खुलली. कोण नाही खुलणार?

"आवाजावरून. काल तुम्ही खोटं बोललात."

'मुळापासून' हा तिचा कार्यक्रम. रोज एक शब्द, तो कुठून आला, कसा आला, सगळं चार मिनिटांत. त्यासाठीच ती आठवडे बाजारात माणसांचं बोलणं टिपायला निघाली होती. आणि काल तिनं सांगितला होता 'गळ घालणे'. म्हणजे पाठपुरावा करून विनवणं, हट्टानं आग्रह करणं. लाडक्या माणसाच्या गळ्यात हात घालून मागायचं, त्या गळ्यावरून आली गळ. असं तिनं अगदी ठासून सांगितलं होतं.

त्यानं गळ तिच्या नाकासमोर धरला. "हा बघा गळ. हा पाण्यात घालतात, ते गळ घालणं. तुमच्या गळ्याचा काय संबंध?"

"असं? मग 'गळ घातला' म्हणायला हवं ना? आपण काय म्हणतो? 'तिनं आईला गळ घातली.' घातली! हा तो गळ. मग ती गळ कशी झाली, सांगा ना?"

काठीच्या टोकानं त्यानं डोकं खाजवलं, आणि ते बघून योगिनीला इतकं हसू आलं की राग कुठल्या कुठे पळाला.

"आज्याला विचारून सांगतो," तो म्हणाला.

"विचारा. पुढच्या बाजाराला येते मी."

नाव विचारलं तर म्हणाला, संघर्ष. संघर्ष भोये. "नाव संघर्ष, आणि बसता गळ टाकून गप्प!" ती म्हणाली. त्यावर तो जो हसला, ते हसू तिनं गिरणारेमार्गे स्कूटीवरून घरी नेलं. खरं सांगायचं तर एका शब्दासाठी वाघेऱ्याचा घाट ओलांडून पुन्हा पन्नास-पंचावन्न किलोमीटर यायची काही एक गरज नव्हती. फोन नावाची वस्तू असते. पण गेली. पुढच्या बाजाराला गेली, त्याच्या पुढच्याही गेली.

संघर्षची नोकरी मजेशीर होती. पुलाच्या खांबावर पाण्याची उंची दाखवणारी पट्टी रंगवलेली. सकाळ-संध्याकाळ ती वाचायची आणि पाटबंधारे खात्याला कळवायची. "म्हणजे सरकार तुम्हाला नदीकडे बघत बसायचा पगार देतं?" योगिनीनं विचारलं. "हो," तो म्हणाला, "आणि तुम्हाला बोलायचा. दोघंपण सुखात हायेत." तिथली नदी गोदावरीला विचारत नाही, पश्चिमेला उतरून दमणगंगेकडे जाते. तिच्या काठची माणसंही तशीच, आपल्याच तंद्रीत चालणारी.

आज्याचं नाव बुधा. वय विचारलं की तो धरणं मोजायचा, अमकं धरण बांधलं तेव्हा मी एवढा होतो म्हणून. त्यानं योगिनीचा प्रश्न नीट ऐकून घेतला आणि तोंडातला विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

"पोरी, गळ जातो कुठं? माशाच्या गळ्यातच ना? मंग भांडता कशाला?"

दोघं एकमेकांकडे बघून हसले. पण आजा थांबला नव्हता.

"तुमच्या शहरात गळ घालणं म्हंजे मागं लागणं, व्हय ना? आमच्या घरात उलटं हाय. गळ घातला का आपलं काम झालं. मंग बोलायचं नाय, काठी हलवायची नाय. यायचं का नाय, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. ह्याच्या आजीला मागणी घालायला माझा बाप एकदाच गेला. घरी येऊन म्हणाला, गळ घातलाय. मंग सा महिने त्या वाटंला गेला नाय. दुसऱ्यांदा विचारायचं म्हंजे काय पोरगी बहिरी हाय का?"

"आणि आजी?"

"आली की सोताच्या पायानं! नायतर ह्यो कुठून आला असता?"

"म्हणजे मुलगी म्हणजे मासा का हो, आजा?" योगिनीनं कंबरेवर हात ठेवले.

उत्तर संघर्षनं दिलं, काठीकडे बघत, अगदी हळू. "गळाला लागतो तो काठीवालाच. मासा मजेत असतो."

ते ऐकून योगिनीचे कान तापले. पावसाची भुरभुर होती तरी तापले. ती पुढचा अर्धा तास एक अक्षर बोलली नाही, आणि त्या दिवशी मरळ मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं रेडिओवर सरळ कबुली दिली. "मित्रांनो, माझं चुकलं होतं. गळ म्हणजे मासे धरायचा गळच. तो 'तो' आहे. तो घातल्यावर गप्प बसायचं असतं, वाट बघायची असते. मला एका घरात हे शिकवलं, आणि मला वाटतं, त्यांचा अर्थ आपल्या अर्थापेक्षा सुंदर आहे. इथून पुढे मी गळ घालेन तो त्यांच्या रीतीनं."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. तिनं ठेवलं नाही.

संघर्षचा निरोप आला: "ऐकलं." बस. एक शब्द! योगिनी फोनकडे बघत राहिली. अरे माणसा, शहराला ऐकू जाईल असं तुझ्या घराचं कौतुक केलं, आणि तू म्हणतोस, ऐकलं? तिला काय ठाऊक, पुलाखाली बसून त्यानं ते चार मिनिटांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून घेतलं होतं आणि पाठ होईपर्यंत ऐकलं होतं.

दिवाळी झाली. थंडी पडली. 'तुम्ही'चं 'तू' झालं. कोणी आधी केलं ते दोघांनाही आठवेना. ती द्वारकेवरून त्याच्यासाठी चिवडा न्यायची, तो नागलीची भाकरी आणि उडदाचं बेसन घेऊन यायचा. ती बोलायची, तो ऐकायचा. कधी बोलता बोलता तिच्या केसांत अडकलेलं वाळकं पान तो काढायचा आणि ते पान खिशात घालायचा. असल्या गोष्टी मुलीला दिसत नाहीत असं मुलांना का वाटतं, देव जाणे.

आणि मग बंगळुरूचं पत्र आलं. आवाजी पुस्तकं करणारी मोठी कंपनी, मराठी विभाग सगळा तिच्या हातात. बारा दिवसांत हो किंवा नाही कळवायचं. घरच्या साती बायका एका सुरात हो म्हणाल्या. योगिनी मात्र स्कूटी काढून पुलाकडे गेली.

संघर्षनं सगळं ऐकून घेतलं. पाण्यावर मोरपिसाचा देठ डुलत होता.

"मग? जाणार?"

"तू सांग."

"मी काय सांगू? नोकरी तुझी."

"संघर्ष!"

तो काठी खडकावर आडवी ठेवून तिच्याकडे वळला. "मला तू आवडतेस, योगिनी. तू इथं राहिलीस तर... तर मला फार बरं वाटंल. एवढंच."

योगिनीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं. दोन्ही एकदम. ज्या वाक्यासाठी ती इतके घाट चढली-उतरली, ते वाक्य आलं, आणि त्याच्या शेपटाला काय, तर 'एवढंच'! तिला आणखी हवं होतं. प्रत्येक बाजाराला तीच येत होती. प्रत्येक फोन तीच करत होती. एकदा, फक्त एकदा, त्यानं तिच्या मागं लागावं, द्वारकेला यावं, दुकानासमोर उभं राहून म्हणावं, जाऊ नकोस, नाही जाऊ देणार. तिचं जायला नको म्हणणारं मन त्या एका हट्टावर राहायला तयार होतं.

"असं एकदा बोलून कोणी थांबतं का, वेड्या?" ती म्हणाली. "गळ घाल ना मला!"

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू असा काही आनंद पसरला की योगिनीला वाटलं, झालं, कळलं याला.

"घालतो," तो म्हणाला.

आणि पुन्हा पाण्याकडे तोंड करून बसला.

लाजतोय, असं समजून ती उठली. उद्या फोन करेल, असं समजून घाट उतरली. उद्या गेला, परवा गेला. फोन वाजला की ती धावायची. कधी आत्याचा, कधी बँकेचा. पाचव्या दिवशी तिला राग आला. आठव्या दिवशी रडू आलं. दहाव्या दिवशी तिनं ठरवलं की आपण मुळीच फोन करायचा नाही. इतके दिवस मीच केले ना? आता त्याची पाळी. मला ठेवून घ्यायची एवढीशी ओढ नसेल त्याला, तर काय उपयोग? अगं बाई, एक फोन केला असतास! पण अभिमान हा असा, की तो चुकतोय हे कळायला वर्षं लागतात.

बाराव्या दिवशी तिनं हो कळवलं. निघायच्या दुपारी द्वारकेला बस यायला अवकाश होता, बॅगेवर बसून तिनं निरोप पाठवला: "निघाले." तो टाकल्यावर तिनं रस्त्याच्या चारी बाजूंना पाहिलं. एवढ्या गर्दीतून एक माणूस धावत आला तर दिसेल ना आपल्याला, हीच तिला काळजी.

उत्तर आलं: "नीट जा."

तिनं फोन बंद केला. सिन्नरपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडली.

तीन वर्षं गेली. बंगळुरूत तिचं नाव झालं. दोन स्थळं आली, दोन्ही चांगली होती, दोघांनी तिला भरपूर गळ घातली, आणि तिला दोन्ही वेळा मरळ आठवली. मग फाल्गुनात ती घरी आली असताना वडिलांनी दुकानातून एक पत्रिका आणली. दुकानाच्या पत्त्यावर आली होती. चि. संघर्ष आणि चि. सौ. कां. मीना. वरती हातानं लिहिलेलं: योगिनी, नक्की ये.

लग्न पंधरा दिवसांवर होतं. ती दुसऱ्याच दिवशी गेली. काकूची स्कूटी, तोच घाट, तोच पूल. नदी उन्हाळ्यानं बारीक झाली होती. वर, पुलाच्या टोकाशी बुधा आजा उन्हात काठी टेकून बसला होता. त्यानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि काही न बोलता खाली बोट दाखवलं.

संघर्ष खडकावर होता. काठी नव्हती. नुसता बसला होता.

"आलीस," तो म्हणाला. जणू ती मागच्या बाजाराला येऊन गेली होती.

ती शेजारी बसली. मीनाबद्दल विचारलं. अंगणवाडीत आहे, म्हणाला. लय बोलते. घर भरल्यासारखं वाटतं. "तिनंच विचारलं मला. दोनदा. मी हो म्हणालो." हे सांगताना त्याच्या आवाजात मीनाबद्दल माया होती, खोटं कशाला बोला. योगिनीला ती ऐकू आली. तरी तिच्याच्यानं राहवेना.

"एक सांगू? रागावू नकोस. आता काही बदलायचं म्हणून नाही सांगत. त्या वेळी एकदा... एकदा जरी गळ घातली असतीस ना, तर मी गेले नसते."

संघर्षनं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर आठी पडली, एखादं गणित चुकल्यासारखी.

"घातला होता की," तो म्हणाला.

"काय?"

"गळ. घातला होता. तूच म्हणालीस ना, गळ घाल. मी म्हणालो, घालतो."

घातला.

योगिनीचा सगळा जन्म शब्दांत गेला होता. 'गळ घाल' म्हणताना तो की ती, ते शब्दात दिसतच नाही. ती म्हणाली होती ती गळ, सगळ्या शहराची, हट्टाची, मागं लागायची. त्यानं ऐकला होता तो गळ, त्याच्या घरचा. आणि का नाही ऐकणार? तिनंच रेडिओवरून सांगितलं होतं, मी घालेन तो त्यांच्या रीतीनं.

"मला वाटलं, तू आमचा शब्द घेतलास," तो म्हणाला. "लय आनंद झाला होता. रोज संध्याकाळी येऊन बसायचो इथं, पट्टी वाचून झाल्यावर. फोन नाय करायचा, वाट अडवायची नाय, म्हणून हात धरून ठेवायचो सोताचे. तुझा निरोप आला तेव्हा फार... पण तू उत्तर दिलं होतंस. मग काय बोलणार? तरी दोन पावसाळे बसलो."

"दोन?"

"दुसऱ्यांदा विचारलं असतं तर तुला वाटलं असतं, तुझं ऐकलंच नाय मी."

तिला ओरडावंसं वाटलं. त्याच्यावर, स्वतःवर, त्या चार मिनिटांच्या कार्यक्रमावर. तो तिच्यासाठी गप्प बसला होता आणि ती त्याच्या गप्प बसण्यावर रुसून गेली होती. इतकं प्रेम, आणि सगळं एका 'घाल'मध्ये बुडालं. डोळे पुसायला ओढणी पुरेना. संघर्षचा हात उचलला गेला, तिच्या केसांपर्यंत आला, तिथं वाळकं पान होतंही... पण हात परत गेला. पान तिथंच राहिलं.

तिला अजून मागता आलं असतं. आवाज तिचा होता, शब्द तिचे होते. मोड लग्न म्हणाली असती, गळ्यात पडली असती, आणि कदाचित... कदाचित तो विरघळलाही असता. पण पंधरा दिवसांनी हळद लागणारी, लय बोलणारी मुलगी पलीकडच्या पाड्यात होती. योगिनीनं नाक पुसलं.

"मला तू आवडायचास, संघर्ष," ती म्हणाली. "अजून आवडतोस. एवढंच."

आणि ती गप्प बसली.

आयुष्यात पहिल्यांदा ती खरोखर गप्प बसली. हात मांडीवर, नजर पाण्यावर. खंड्या येऊन गेला. ऊन एका खडकावरून दुसऱ्यावर सरकलं. संघर्षही हलला नाही. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. दोनदा त्यानं काहीतरी बोलायला ओठ उघडले, आणि दोन्ही वेळा मिटले. मग पट्टी वाचायची वेळ झाली. तो उठला, तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि ओल्या दगडांवरून पुलाच्या खांबाकडे गेला.

ती आणखी थोडा वेळ बसली. मग चप्पल घालून वर आली.

बुधा आजा तिथंच होता. स्कूटीचं हेल्मेट त्यानं मांडीवर सांभाळून धरलं होतं.

"काय घावलं का, पोरी?"

"नाही, आजा."

"गळ कुणी घातला व्हता?"

"मी."

आज्यानं खाली नदीकडे पाहिलं. खांबापाशी संघर्ष पाठमोरा उभा होता. पट्टी वाचायला एवढा वेळ लागत नाही.

"मधी बोलली नायस ना?"

"नाही बोलले."

"बरं केलंस," आजा म्हणाला, आणि हेल्मेट तिच्या हातात दिलं.